तौर सरांच्या कपाटातल्या शाली

सर्जेराव तौर हे त्यांचं खरं नाव नाही. ते मी बदललं आहे, आणि ही गोष्ट त्यांना बिलकूल आवडली नसती. आपलं नाव पूर्ण छापून यावं, त्याच्या आधी 'प्रा.' असावं आणि मागं जमतील तेवढ्या पदव्या असाव्यात असा त्यांचा हट्ट असे. एकदा कार्यक्रमपत्रिकेत नुसतं 'स. तौर' छापलं गेलं, तर त्यांनी सगळा गठ्ठा प्रेसला परत पाठवला होता. तेव्हा नाव बदलून मी त्यांना दुखावते आहे हे मला कळतं, पण त्याला कारण आहे. गावाचंही नाव सांगत नाही. बीड जिल्ह्यात, माजलगावच्या धरणावर ऊस पिकवणाऱ्या पट्ट्यात आमचं कॉलेज आहे, एवढं पुरे. तिथं मी भूगोल शिकवते आणि ते राज्यशास्त्र शिकवत. म्हणजे शिकवायला होते.

दिसायला माणूस रुबाबदार. कडक इस्त्रीचा सफारी, केसांना काळाभोर रंग, कपाळावर बारीक गंध. कुठंही शिरताना त्यांची नजर आधी फोटो काढणारा कुठं उभा आहे ते शोधायची. तो सापडला की मगच चेहऱ्यावर हसू यायचं, आणि फोटो निघेपर्यंत जोडलेले हात खाली यायचे नाहीत. माइकवर ते छापील मराठी बोलत. माइक बंद झाला की 'लई' आणि 'न्हाई' सुरू. 'पॉझिटिव्ह राहायचं!' हे त्यांचं पालुपद. आमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कचे वडील वारले. दहाव्याला आम्ही गेलो, तर डोकं भादरून बसलेल्या त्या माणसाच्या पाठीवर थाप मारून हे म्हणाले, "पॉझिटिव्ह राहायचं!" तो बिचारा पिंडासमोर बसल्या बसल्या "हो सर" म्हणाला.

त्यांना सत्काराचा रोग होता. तसा सत्कार आमच्याकडं सगळ्यांनाच प्रिय आहे. निवडून आला की सत्कार, पास झाला की सत्कार, बदली झाली की सत्कार, आणि सत्कार करायला आलेल्याचाही सत्कार. पण तौर सरांनी कहर केला होता. कॉलेजच्या बोअरची मोटार दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी ग्रीसच्या हातांनिशी खुर्चीवर बसवून शाल घातली होती. परीक्षेत कॉप्या पकडायला भरारी पथक आलं, तर यांनी फाटकातच त्यांना फेटे बांधायला घेतले. सगळ्यांचे फेटे बांधून होईपर्यंत आतल्या वर्गांत काय झालं असेल ते सांगायला नको. शाली ते ठोक भावानं आणून ठेवत. नारळ मात्र फिरते होते. पाहुणा घाईत टेबलावर विसरून गेला की नारळ पुन्हा कपाटात. वर्षभर सत्कार पाहून पाहून आतून खडखडीत वाळलेला एक नारळ मी स्वतः कानाशी हलवून बघितला आहे.

अशा माणसाच्या हाती पोरांची मनं कशी गेली, तर त्याचं असं झालं. शेजारच्या तालुक्यातल्या एका कॉलेजात एका मुलानं जीव दिला. बरीच बोंब झाली आणि वरून पत्र आलं की प्रत्येक कॉलेजात विद्यार्थ्यांसाठी मनःस्वास्थ्य कक्ष हवा. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये विचारलं, कोण घेणार? सगळ्यांनी माना खाली घातल्या. तौर सरांनी हात वर केला. त्यांना त्या मुलाचं काही वाटलं असेल असा कुणी गैरसमज करून घेऊ नये. कक्ष म्हटला की उद्घाटन आलं, उद्घाटन म्हटलं की पाहुणे आले, आणि पाहुणे आले की पुढचं सगळं त्यांच्या हातचा मळ होता.

खेळाचं सामान ठेवायची खोली रिकामी करून कक्ष केला. पाटी एवढी मोठी रंगवून आणली की ती दाराच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आली. आत एक टेबल, एक पंखा आणि शालींचं कपाट. दाराची कडी तुटलेली होती आणि दार कधी लागत नसे. मी ते एकदा सांगितलंही. "असू द्या मॅडम," ते म्हणाले, "काम चाललंय हे जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसलं पायजे की." त्या उघड्या दारात बसून ते काय काम करायचे, तर पुढच्या कार्यक्रमाचा बॅनर ठरवायचे.

उद्घाटनाला सगळ्या पोरांना मैदानात उभं केलं आणि उजवा हात पुढं करून शपथ दिली. 'मी कधीही निराश होणार नाही.' पोरं ओरडली. उन्हात उभं राहून कंटाळलेल्या एका पोरानं हात वर करून विचारलं, "सर, आन झालंच निराश, तर काय करायचं?" तौर सर माइक बाजूला धरून म्हणाले, "शपथ घेतलीस ना बे आत्ता? मोडायची न्हाई." मग माइक जवळ घेऊन त्यांनी आभारप्रदर्शन केलं. मला त्या दिवशी हसू आलं होतं.

पण पुढं त्यांनी रांगोळी स्पर्धा ठेवली, तेव्हा हसू आलं नाही. विषय होता आत्महत्या. रांगोळी! पोरींनी काय काय काढलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. परीक्षक म्हणून आलेल्या बाई खाली वाकून रंगसंगतीला गुण देत होत्या. मी एका रांगोळीपाशी थांबले, चप्पल काढली आणि पायानं ती पुसून टाकली. दुसरी पुसायला गेले तेव्हा तौर सर धावत आले. "मॅडम, पयला नंबर हाय तो!" त्यांनी प्राचार्यांकडं माझी तक्रार केली, आणि मी पोरींच्या कलेचा अपमान केला म्हणून मला समज मिळाली.

वर्षा तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. आष्टीकडच्या एका वस्तीवरची पोर. आई-बाप दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. ती आमच्या होस्टेलवर राहायची. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी, नकाशे सुरेख काढणारी. दोन विषय राहिले आणि घरून निरोप आला की आता पुरे झालं शिक्षण. ऊसतोडीत एकट्याला कुणी विचारत नाही. नवरा-बायकोची जोडी लागते, तिलाच 'कोयता' म्हणतात. एका पोराला जोडीदारीण हवी होती, मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमानं मध्ये पडून बोलणी केली होती, आणि या हंगामातच लग्न उरकून वर्षानं उसाच्या फडात उतरायचं असं ठरलं होतं. ती पहिल्या बाकावरून मागच्या बाकावर गेली. मग वर्गात यायचीही बंद झाली. कुणाच्या ते लक्षात आलं असेल तर कुणी बोललं नाही.

तौर सर मात्र प्रत्येक भाषणाच्या शेवटी एक वाक्य म्हणायचे. 'मनात काहीही असू द्या, या तुमच्या सरांकडे या.' त्यांना ते टाळीचं वाक्य म्हणून ठाऊक होतं. वर्षाला ते खरं वाटलं. ती एका दुपारी त्या उघड्या दारातून आत गेली आणि सरांना म्हणाली की मला मरावंसं वाटतं.

इथं मला एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, जरी ती माझ्या रागाच्या आड येते. त्या दुपारी त्यांनी तिचं ऐकलं. मी व्हरांड्यातून दोनदा गेले. दोन्ही वेळा ते गप्प बसलेले होते आणि ती बोलत होती. त्यांना गप्प बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी ते स्टाफरूममध्ये आले तेव्हा चेहरा उजळलेला होता. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "मॅडम, केस मिळाली!"

लॉटरी लागल्यावर माणूस असा बोलतो. मी म्हणाले, "सर, तिला उद्याच्या उद्या बीडला डॉक्टरकडं न्या. मी येते बरोबर. तिला एकटीला ठेवू नका, तिच्या आईला बोलावून घ्या, आणि कृपा करून कुणाला सांगू नका."

"तुमी भूगोलाच्या," ते हसून म्हणाले, "हा मनाचा विषय हाय. म्या समजावलंय तिला. पॉझिटिव्ह झाली ती. हसली बी जाताना."

"कुणाला सांगणार नाही ना?"

"गळ्याशपथ!" त्यांनी गळ्याला हात लावला.

मी होस्टेलच्या रेक्टर बाईंना सांगून वर्षाची खोली बदलली, तिच्याजवळ एक समजूतदार मुलगी ठेवली. मी तिच्याशी बोलायला गेले तर ती म्हणाली, "सरांशी बोल्लेय मॅडम. बरंय आता." तिचा त्यांच्यावर विश्वास बसला होता. आणि खरोखरच ती वर्गात दिसायला लागली. मलाही वाटलं, माणूस मूर्ख असला तरी ऐकून घेतल्यानं काम होतं.

मग मनःस्वास्थ्य सप्ताहाचा समारोप आला. मंडप, पायघड्या, स्टेजवर भाऊसाहेब. भाऊसाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी भाषणात सांगितलं की आमच्या वेळी हे असलं मन-बिन काही नव्हतं, भाकर खायची आणि कामाला लागायचं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मनःस्वास्थ्याच्या स्टेजवरून ते हे बोलत होते आणि तौर सर मान डोलवत होते. नंतर सर उठले. माइक हातात घेऊन आधी फोटोवाल्याकडं पाहिलं.

"आता एक विशेष सत्कार," ते म्हणाले. "याच महाविद्यालयातील एक धाडसी विद्यार्थिनी. आत्महत्येच्या दारातून परत आलेली! कक्षाच्या मार्गदर्शनानं मृत्यूवर मात केलेली! कुमारी वर्षा..." आणि पुढं बापाचं नाव, आडनाव, वर्ग, गाव, सगळं.

वर्षा मुलींच्या रांगेत मधोमध बसली होती. तिला काही माहीत नव्हतं. सगळे मागं वळून शोधायला लागले. मी उठून पुढं जाईपर्यंत दोन मुलींनी तिला हाताला धरून, अगदी प्रेमानं, स्टेजकडं चालतं केलं होतं. सत्कार म्हटल्यावर जायचं असतं, एवढंच त्यांना ठाऊक. भाऊसाहेबांनी शाल घातली. ती अंगापेक्षा मोठी होती आणि एका खांद्यावरून घसरत होती. हातात नारळ दिला. सरांनी तिला खांद्याला धरून कॅमेऱ्याकडं वळवलं. "हसा की," ते म्हणाले. आणि ती हसली. मी आजवर इतकं वाईट हसू पाहिलेलं नाही.

तो फोटो मंडप सुटायच्या आत सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. वस्तीवरून चुलत्याचा फोन आला. फडात मुकादमाच्या मोबाइलवर तो उतरला, त्यानं तो मजुरांच्या झोपड्यांत, कोपीकोपीला फिरवला. बापानं फोनवर आधी शिव्या दिल्या आणि मग रडला. होस्टेलच्या मुली वाईट नव्हत्या. पण त्या तिच्याशी एकदम हळू आवाजात बोलायला लागल्या आणि ती उठली की सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ती होस्टेलवर नव्हती.

मी आणि रेक्टर बाई शोधायला निघालो. वाटेत मी खिडकीतून कक्षात डोकावले. तौर सर आत होते आणि त्यांनी पहिल्यांदाच दार ओढून घेतलं होतं. कडी नव्हती म्हणून आतून खुर्ची लावली होती. मला वाटलं विचारतील, सापडली का. त्यांनी विचारलं, "मॅडम, यात माझं नाव येईल का हो?"

"येईल," मी म्हणाले, "पूर्ण येईल. पदव्यांसकट."

वर्षा बसस्टँडवर सापडली. बाकावर बसली होती, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत ती शाल. आष्टीकडची गाडी लागून सुटून गेली होती. ती चढली नव्हती. मी शेजारी बसले. चहा मागवला. तिनं घेतला. मग मी सरळ विचारलं, कारण आडून विचारण्यात काही अर्थ नव्हता. "वर्षा, मरायचं मनात आहे का अजून?"

ती समोरच्या गाडीच्या पाटीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "हाय, मॅडम."

"आत्ता?"

"आत्ता तुमी आलाव ना."

आम्ही बीडच्या गाडीत बसलो. माजलगाव मागं पडलं. मी तौर सरांना मनात जे काही म्हणत होते ते तिला ऐकू गेल्यासारखं ती एकदम म्हणाली, "मॅडम, सर वाईट न्हाईत. मह्यं कुणीच आइकलं नव्हतं. त्यांनी आइकलं. पन मंग त्यांनी ते सगळ्यांला कावून आइकवलं?"

बीडला एका दवाखान्यात मनाच्या डॉक्टर बाई होत्या. त्यांनी वर्षाला आत घेतलं, मला बाहेर बसायला सांगितलं आणि दार लावून घेतलं. तिची आई दुसऱ्या दिवशी फडातून उठून थेट तिथं आली, हातावरचे उसाच्या पाचटाचे ओरखडे तसेच. बापाचा फोन आला, आपली जोडी मोडली, आता मुकादमाला काय सांगू? ती म्हणाली, "काय सांगायचं ते तुमी सांगा. म्या पोरीपासून हालत न्हाई." आणि हलली नाही. औषधं, डॉक्टर बाईंशी बोलणं, आणि पुन्हा बोलणं. मध्ये दोनदा फार वाईट दिवस आले. लग्न मोडलं. ते पलीकडच्यांनी मोडलं, फोटो पाहून, आणि तेवढाच त्या फोटोचा उपयोग झाला. राहिलेले विषय सुटले. वर्षानं पुढं नर्सिंगला प्रवेश घेतला.

तौर सरांनी मला निरोप पाठवला होता, 'शाल तिच्याकडंच राहू द्या.' औदार्य! त्या वर्षी आमच्या कक्षाला उत्कृष्ट कक्षाची ढाल मिळाली. पुढं प्रत्येक भाषणात ते सांगायचे की मी एक जीव वाचवला आहे. मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं, कारण ते स्वतःच इतकं बोलत.

ते रिटायर झाले तेव्हा झालेला सत्कार अजून तालुक्यात आठवतात. खांद्यावर शाली मावेनात, तेव्हा एक पोरगा मागं उभा राहून त्या काढून घ्यायचा आणि पुढचा माणूस पुढची घालायचा. ते हसत होते, हात जोडलेले. नंतर मात्र त्यांना कुणी बोलावलं नाही. खुर्ची गेली की माइक जातो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कक्ष माझ्याकडं आला. मी पाटी काढली, कपाट काढलं, आणि पहिल्यांदा दाराला कडी बसवली.

यंदाच्या उन्हाळ्यात एका विद्यार्थिनीला घेऊन मी बीडला गेले होते. तोच दवाखाना. व्हरांडा माणसांनी भरलेला. कोपऱ्यातल्या बाकावर एक म्हातारा भर उन्हाळ्यात कानाला मफलर गुंडाळून, तोंडाला मास्क लावून, भिंतीकडं तोंड करून बसला होता. केस पांढरे झाले होते. मी ओळखलं ते सफारीवरून. तो चुरगळलेला होता. त्यांनीही मला पाहिलं आणि एकदम उठून जवळ आले.

"मॅडम, तुमी मला बगितलं न्हाई," ते म्हणाले. आवाज बसला होता. "झोप येत न्हाई हो. लई रडू येतं. पोरगा पुन्याला, त्याला बी सांगितलं न्हाई. कुनाला सांगू नका. गळ्याशपथ."

त्यांनी माझ्या गळ्याकडं बोट केलं. खोटं कशाला बोलू, मला दया आली नाही. आधी बरंच वाटलं. मग त्यांचे हात दिसले. त्यांनी ते जोडले होते. आजूबाजूला कुणी फोटोवाला नव्हता. मी म्हणाले, "नाही सांगणार." ते परत भिंतीकडं तोंड करून बसले.

आतून नर्स बाहेर आली. हातात केसपेपरांचा गठ्ठा. ती दारात उभी राहून एकेक नाव मोठ्यानं पुकारत होती, गर्दीच तेवढी होती. पुढचा कागद वर आला आणि ती थांबली. ती वर्षा होती. अंगानं भरली होती, पण मी लगेच ओळखलं. तिनं नाव वाचलं, मान वर केली, बाकांवरून नजर फिरवली. कोपऱ्यातल्या मफलरवर ती थबकली. त्या व्हरांड्यात निम्मी माणसं आमच्या भागातली होती. तिनं फक्त नाव पुकारायचं होतं, बाकी सगळं आपोआप झालं असतं.

तिनं ते पुकारलंच नाही. कागद छातीशी उलटा धरून ती गर्दीतून चालत कोपऱ्यापर्यंत आली, त्यांच्यासमोर वाकली आणि हळूच म्हणाली, "काका, चला. तुमचा नंबर आला."

ते उठले. तिच्या तोंडाकडं त्यांनी नीट पाहिलं, आणि त्यांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार कसे? तो फोटो काढतानाही ते कॅमेऱ्याकडंच बघत होते. तिनं त्यांचा दंड धरला, त्यांना आत नेलं आणि दार लावून घेतलं.